रात्री अकराला ओट्याशी उभं राहून खाल्लं जातं, त्यावर विलपॉवर हा इलाज नाही

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी पेशंट यायच्या आधी परत एकदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. वय ३२, बाणेरला राहता, आयटीत नोकरी, पाच वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी ॲपवर कॅलरी मोजून १४ किलो उतरवले, त्यातले सहा परत आलेत. दिवसभर तुम्ही "अगदी नीट" असता, म्हणजे सकाळी ब्लॅक कॉफी, अकराला काकडी, दुपारी मोडाच्या मुगाचं सॅलड, पोळी-भात बंद, चारला ग्रीन टी, आठला सूप. आणि रात्री अकराला सगळे झोपले की किचनचा लाइट न लावता, फ्रिजच्या उजेडात, ओट्याशी उभं राहून शिळी पोळी तूप-गूळ लावून, मग चिवडा, मग मुलीच्या डब्यासाठी आणलेली क्रीमची बिस्किटं, पोट दुखेपर्यंत. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून वेताळ टेकडीच्या दोन फेऱ्या आणि संध्याकाळी झुंबा. डिसेंबरमध्ये मामेबहिणीचं लग्न आहे, ब्लाऊज बसत नाही. आणि मागच्या आठवड्यात मुलीने जेवताना विचारलं, आई, पोळीने जाड होतं का? यावर तुमचा प्रश्न असा की विलपॉवर कशी वाढवू.

मी १९ वर्षं डाएटिशियन म्हणून काम करतेय, कोथरूडला क्लिनिक आहे, आणि हा प्रश्न याच शब्दांत माझ्यासमोर इतक्या वेळा आलाय की मला खरंच वाईट वाटतं, कारण यात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालेलं असतं. तुम्ही रात्रीच्या खाण्याला रोग समजताय आणि दिवसाच्या खाण्याला औषध. माझ्या मते रोग दिवसा चालू असतो, रात्री फक्त बाहेर दिसतो.

आधी एक महत्त्वाचं, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. रात्री खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढता का, किंवा जुलाबाच्या गोळ्या घेता का? तुम्ही लिहिलं नाहीये, पण बऱ्याच जणी लाजेने लिहीत नाहीत. उत्तर हो असेल तर हे वाचणं इथेच थांबवून आधी फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठा, त्याने शरीरातलं पोटॅशियम घसरतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो, ते काम माझं एकटीचं नाही. पाळी तीन महिने किंवा जास्त आली नसेल तरी डॉक्टर आधी. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा आपल्या मनाने बदलायच्या नाहीत. आणि तुम्ही "बिंज इटिंग डिसऑर्डर आहे का मला" असंही विचारलंय. बिंज इटिंग हा स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या यादीत २०१३ ला आला, त्यात आठवड्यातून किमान एकदा असं तीन महिने, आणि खाताना ताबा सुटल्याची भावना हे बघतात. पण त्यानंतर भरपाई म्हणून अतिव्यायाम नेहमीच केला जात असेल तर निदान दुसरीकडे झुकतं. हे समोर बसवून, विचारून ठरवायचं असतं, मी इथून नाव देणार नाही. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, कुणाकडे जायचं हेच कळत नसेल तर तिथून सुरुवात करा.

आता तुमच्या दिवसाकडे. तुम्ही लिहिलेल्याची मी ढोबळ बेरीज केली, सढळ हाताने धरलं तरी रात्री आठपर्यंत सहाशे कॅलरीच्या वर जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा बैठं काम करणाऱ्या, ५५ किलोच्या बाईसाठी दिवसाला साधारण १,६६० आहे, आणि तुम्ही तर वर टेकडी चढताय. म्हणजे रात्री अकराला तुम्ही ओट्याशी उभ्या राहता तेव्हा हजार कॅलरीची उधारी अंगावर असते. शरीर ती वसूल करतं. आणि वसूल करताना ते काकडी मागत नाही, गूळ-तूप-पोळी मागतं, कारण पटकन आणि भरपूर मिळेल असं तेच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. ३६ तरुण, निरोगी, धडधाकट पुरुष, स्वतःहून तयार झालेले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १,५७० कॅलरी, आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं पाव वजन उतरलं, ते ठीक, पण डोक्यात काय झालं ते बघा. ते दिवसरात्र जेवणाबद्दलच बोलायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटल्या चाटायला लागले, चिडचिडे झाले, उदास झाले. आणि नंतर पोटभर मिळायला लागलं तेव्हा त्यांच्यातले कित्येक जण पोट तुडुंब भरलं तरी भूक जात नाही असं सांगत होते. या लोकांना आधी खाण्याचा कुठलाही त्रास नव्हता. त्यांना कुणी विलपॉवर नाही म्हणेल का? आणि त्यांना जेवढं मिळत होतं त्याच्या निम्म्याहून कमी तुम्ही दिवसभरात खाताय. शिवाय वजन उतरवल्यावर भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, साठा पुरेसा आहे असं मेंदूला सांगणारं लेप्टिन घटतं, आणि हा बदल वर्षभरानंतरसुद्धा टिकलेला आढळतो. त्यामुळे तुम्ही रात्री ज्याच्याशी भांडताय ते तुमचं शरीर आहे आणि ते तुम्हाला जगवायला बघतंय.

हे मी इतक्या ठामपणे सांगतेय त्याला कारण आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या तीन-चार वर्षांत मी पण सगळ्यांना बाराशे कॅलरीचा झेरॉक्स केलेला चार्ट द्यायचे. एक मुलगी यायची, लग्न ठरलेली. दर शनिवारी वही आणायची, स्पायरलची, निळ्या पेनने सुंदर अक्षरात सगळं लिहिलेलं, एक बदाम सुद्धा. मी काट्यावर बघून म्हणायचे, वा, अडीच किलो! एकदा ती वही माझ्या टेबलावर उघडी राहिली आणि माझं लक्ष स्पायरलच्या तारेकडे गेलं. तारेत कागदाचे बारीक बारीक कपटे अडकलेले होते, खूप. ज्या दिवशी रात्री ताबा सुटायचा त्या दिवसाचं पान ती फाडून टाकायची. मला दाखवायला फक्त चांगले दिवस. मी विचारलं तेव्हा ती इतकी रडली की पुढच्या पेशंटला मी थांबवून ठेवलं. त्या पोरीला माझी भीती वाटत होती, आणि त्या भीतीत माझ्या "वा"चा मोठा वाटा होता. त्यानंतर मी चार्ट देणं बंद केलं.

मग करायचं काय. पहिले दोन-तीन आठवडे रात्रीच्या खाण्याला हात लावायचाच नाही. थांबवायचा प्रयत्नसुद्धा नाही. फक्त दिवस भरायचा. उठल्यावर तास-दीड तासात खरा नाश्ता, पोहे, उपमा, थालीपीठ-दही, अंडं-पोळी, जे घरात बाकीच्यांसाठी होतंय तेच. दुपारच्या डब्यात दोन पोळ्या, भाजी, उसळ किंवा घट्ट वरण, कोशिंबीर. साडेचार-पाचला चहा आणि सोबत काहीतरी चावायचं, फुटाणे-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं. रात्री घरच्यांबरोबर बसून जेवण, भातासकट. दोन खाण्यांमध्ये चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. सुरुवातीला भूकच लागत नाही असं होईल, कारण इतके दिवस दाबलेली असते, तेव्हा घड्याळ बघून खायचं. तुम्हाला वाटेल इतकं खाऊन रात्रीचंही खाल्लं तर काय होईल. होईल तसं, काही दिवस दोन्ही होईल. दिवसाचं खाणं रोज मिळणार आहे यावर शरीराचा विश्वास बसायला वेळ लागतो.

आणि यातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "त्या" रात्रीनंतरचा नाश्ता. रात्री कितीही खाल्लं गेलं तरी सकाळी नाश्ता चुकवायचा नाही. तुमचं चक्र तिथेच फिरतं, रात्री जास्त झालं म्हणून सकाळी उपाशी, उपाशी म्हणून रात्री परत. रात्र तुमच्या हातात नाहीये सध्या, सकाळ आहे. भूक नसेल तर अर्धी वाटी पोहे खा, पण बसून खा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या महिन्यात एवढंच एक काम देते आणि डायरीत फक्त त्याचीच खूण करायला सांगते, कॅलरी नाही, ग्रॅम नाही.

रात्री किचनमध्ये जायची वेळ आलीच तर लाइट लावा. ताटली घ्या, त्यात वाढा, टेबलाशी बसा. जेवढं हवं तेवढं खा, पण लपून नाही. ऐकायला किरकोळ वाटेल, पण अंधारात डब्यातून थेट खाताना चव लागत नाही आणि किती खाल्लं ते कळत नाही, उरते ती फक्त लाज. एका बाईंनी मला सांगितलं होतं की ताटलीत चिवडा वाढून घेतल्यावर त्यांना पहिल्यांदा लक्षात आलं की तो मऊ पडलाय, त्या आठ दिवस तोच खात होत्या.

दिवस नीट भरायला लागला की मग घाबरून बंद केलेले पदार्थ एकेक करून परत आणायचे. समजा बाकरवडी. मोठं पाकीट आणून कपाटात वर लपवायचं नाही. छोटं आणायचं, दुपारचं जेवण व्यवस्थित झालेलं असताना पाच वाजता चहाबरोबर, चार-पाच ताटलीत, कुणाबरोबर तरी. पहिल्या वेळी हात थरथरेल, पाचव्या-सहाव्या वेळी ती फक्त बाकरवडी होते. हे मी पुष्कळ वेळा बघितलंय.

उपासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण लग्न डिसेंबरमध्ये म्हणजे मार्गशीर्षातले गुरुवार येणार. माझा उपासाला विरोध नाही, माझी आई आयुष्यभर संकष्टी करत आली. पण ज्यांचं खाण्याशी असं भांडण चालू आहे त्यांच्यासाठी उपास ही न खाण्याची सभ्य सबब होते, कुणी विचारत नाही, उलट कौतुक होतं. निदान सहा महिने थांबवा. आजारी, गरोदर, म्हाताऱ्या माणसांना आपल्याकडे सवलत आहेच, ती घ्या. सासूबाईंना पटत नसेल तर डाएटिशियनने सांगितलंय म्हणा, ते खोटंही नाही.

आता टेकडी. व्यायाम सोडा असं मी मुळीच सांगणार नाहीये. पण एक प्रश्न स्वतःला विचारा, काल रात्री खाल्लं नसतं तरी आज गेले असते का, आणि तेवढीच चालले असते का? माझ्या एका पेशंटने १०१ ताप असताना वेताळ टेकडी चढली होती, कारण आदल्या रात्री श्रीखंड-पुरी खाल्ली होती. ती खाणीपाशी चक्कर येऊन बसली तेव्हा रोज फिरायला येणाऱ्या काकांनी तिला हाताला धरून खाली आणलं. तिने मला हे सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, काकांनी फेरी पूर्ण करू दिली नाही म्हणून. व्यायाम शिक्षा झाला की असा होतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम अशी आहे. तुम्ही झुंबा धरून याच्या बऱ्याच वर जाताय, तेही रिकाम्या पोटी. मी सुचवेन, आठवड्यात तीन दिवस टेकडी, एकच फेरी, जाण्याआधी केळं खाऊन, शक्यतो मैत्रिणीबरोबर आणि बोलत बोलत. दोन दिवस वजनं किंवा घरच्या घरी स्क्वॉट्स-पुशअप्स. झुंबा आवडत असेल तर टेकडी नसेल त्या दिवशी. एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि ती सुट्टी वार ठरवून घ्यायची, खाण्यावरून नाही. घड्याळातला कॅलरीचा आकडा बंद करून टाका, तो तसाही अंदाजच असतो आणि बऱ्याचदा बराच चुकतो. सिंहगड चढून वर गेल्यावर लोक म्हणतात ना, चला, आता पिठलं-भाकरी कमावली, ते हसत म्हणायला ठीक आहे, पण भाकरी कमवावी लागत नाही. आजारी पडून आठ दिवस अंथरुणात असलात तरी तीन वेळा जेवायचंय.

वजनकाटा माळ्यावर टाका. मी हे प्रत्येकाला सांगत नाही, पण जी बाई दिवसातून तीनदा उभी राहते (तुम्ही लिहिलंय तीनदा) तिला सांगते. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा) शरीर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्यात मीठ, त्यात पाळीचे दिवस, यामुळे एक-दोन किलो इकडचे तिकडे होणं हे चरबी वाढणं-घटणं नसतंच. पोळी-भात परत सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा वर जाणार, ते पाणी आहे, आणि तो आकडा बघून तुम्ही दुसऱ्या दिवसापासून परत काकडीवर जाल, म्हणून तो दिसायलाच नको.

याचा अर्थ वजनाला काही महत्त्व नाही असा घेऊ नका. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय लोक दिसायला बारीक असून आतून चरबी धरतो, म्हणूनच आपल्याकडे बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात. मी या फोटोतून दोन गोष्टी घेते. एक, काट्यावरचा आकडा तुम्हाला तुमच्या तब्येतीबद्दल फार थोडं सांगतो. दोन, खरंच काळजी असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बीपी, लिपिड (रक्तातली चरबी) आणि कमरेचा घेर बघा, आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सावध व्हायची रेषा आहे, आणि वर्षातून एकदा बघणं पुरेसं आहे. वजन कमी करायची वैद्यकीय गरज निघालीच तर तो विषय आपण सहा-आठ महिन्यांनी काढू शकतो, रात्रीचं खाणं शांत झाल्यावर. आधी काढला तर परत इथेच येणार. आणि हे पण खरं सांगते, तुमचं वजन ६० ला परत येईलच असं वचन मी देऊ शकत नाही, काहींचं थोडं उतरतं, काहींचं आहे तिथे थांबतं.

दिवस भरल्यावरसुद्धा काही रात्री उरतात, आणि त्या भुकेच्या नसतात. तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, "तो अर्धा तासच फक्त माझा असतो." मी त्यावर बराच वेळ थांबले. दिवसभर ऑफिस, मग मुलगी, मग घर, आणि स्वतःचा म्हणून जो वेळ मिळतो तो खाण्यातच जातोय. इथे माझं ज्ञान संपतं, इथे समुपदेशक लागतो, आणि घरात नवऱ्याशी बोलणं लागतं की संध्याकाळी साडेसात ते आठ मुलीला तू बघ. त्या अर्ध्या तासात काही करायला हवंच असं नाही, दार लावून पडून राहा.

मुलीचं. तिने विचारलं म्हणजे तिने बघितलंय, आई आमच्याबरोबर बसते पण पोळी घेत नाही. तिला भाषण द्यायची गरज नाही. "नाही गं, पोळीने ताकद येते, खेळता येतं" एवढं पुरे, आणि मग तिच्यासमोर तुम्ही पोळी खा. तिला उत्तर त्या पोळीने मिळेल. तिच्यासमोर आरशात बघून पोट आत ओढणं, "आज फार पाप केलं" म्हणत केक खाणं, हे हळूहळू बंद करा. आणि तिच्या ताटाचं असं ठेवा की काय आणि कधी ते तुम्ही ठरवायचं, किती ते तिने. "संपवलंस, शहाणी" पण नको आणि "पुरे आता" पण नको.

लग्नात मावश्या-आत्या बोलणार. "किती बारीक झाली होतीस गं, परत भरलीस की!" त्या दुष्ट नसतात, पंधरा वर्षांनी भेटलेल्या माणसाशी बोलायचं काय हे माहीत नसतं म्हणून जे दिसतं त्यावर बोलतात. एक वाक्य आधीच पाठ करून ठेवा, "मावशी, वजनाचं नको ना, तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते सांगा." बहुतेक वेळा गाडी तिकडे वळते. नाही वळली तर उठून मुलीला बघायला जा.

थोडक्यात आत्तापुरतं, नाश्ता रोज, विशेषतः वाईट रात्रीनंतर. पाच वाजताचं खाणं ऑफिसच्या बॅगेत. टेकडीची एकच फेरी. काटा माळ्यावर. उलटी, गोळ्या, पाळी यातलं काही असेल तर डॉक्टर आधी. किती दिवसांत फरक पडेल ते माणसागणिक वेगळं आहे, माझ्याकडे काहींच्या रात्री दीड महिन्यात निवळल्या, काहींना वर्ष लागलं, आणि मधे मधे परत एखादी रात्र येतेच.

आणि त्या ब्लाऊजसाठी लग्नापर्यंत बारीक व्हायचं डोक्यातून काढा. ब्लाऊज उलटा करून बघा, शिवणीत आत माया ठेवलेली असते, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच तरी निघते, चांगल्या टेलरने ठेवली असेल तर जास्तच. याच शनिवारी घेऊन जा, लग्नसराईत नंतर कुणी हातात घेत नाही.